ढगाखालची घरं

माझ्या सासूबाईंची नथ हरवली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा माझ्या नोकरीत रस वाटला.

"तुझ्या त्या सॅटेलाइटात बघ की गं, कुठं पडली ते."

"आत्याबाई, त्याला नथ नाही दिसत."

"मग काय दिसतं?"

"घरं दिसतात. रस्ते, नाले, शेतं."

"ते तर मला गच्चीवरून बी दिसून राहिलं. ह्याचा पगार देतं व्हय सरकार तुला?"

पगार सरकार देत नव्हतं, सरकारी कामांचे ठेके घेणारी एक कंपनी देत होती. पण एवढं सांगून माझी इज्जत वाढण्यासारखी नव्हती, म्हणून गप्प बसले. नथ पुढं पिठाच्या डब्यात सापडली.

आता त्या नोकरीतून मोकळी झालेय, आणि या अंकाच्या संपादकांनी 'अवकाशातून शहरं पाहण्याचा थरार' लिहून द्या म्हणून गळ घातली आहे. थरार असा: एक बंद खोली, खिडकीला काळा कागद, मनात येईल तेव्हा चालणारा एसी, आणि समोर पडद्यावर छपरं. लोक अजिंठा-वेरूळ बघतात, मी जन्मभर लोकांची छपरं बघितली. सिमेंटची, पत्र्याची, कौलाची, ताडपत्रीची. शहर वाढतं म्हणजे काय होतं, तर छपरं वाढतात आणि नाले हरवतात. नाला हरवणं ही आमच्या शहरांची खासियतच आहे. एका वर्षीच्या चित्रात तो वळणं घेत छान चाललेला असतो, पुढच्या चित्रात त्याच्यावर मंगल कार्यालय उभं राहतं, आणि मग एखाद्या पावसात पंगतीत पाणी शिरलं की वऱ्हाडी देवाला बोल लावतात.

मी मूळची देगलूरची. तिकडं माणूस एका दमात तीन भाषा बोलतो, त्यामुळं रेघ मारून इकडचं आणि तिकडचं वेगळं करणाऱ्या नकाशांवर माझा भरवसा पहिल्यापासूनच बेताचा. तरी भूगोलात एम.ए. केलं, हैदराबादेत जाऊन उपग्रहाची चित्रं वाचायला शिकले, आणि नांदेड-लातूरच्या मध्ये एसटीनं हेलपाटे घालत दोन्ही शहरांचे नकाशे केले. पुढची गोष्ट ज्या शहरातली आहे त्याचं नाव मात्र सांगत नाही. नांदेड म्हटलं तर लातूरकर गालात हसतील, लातूर म्हटलं तर नांदेडकर म्हणतील, "आपल्याला मालूमच होतं." दोन्हीकडं खपून जाईल अशी आहे, एवढं पुरे.

आधी धंदा समजावते. उपग्रहाचं चित्र म्हणजे गोधडी. बारीक बारीक चौकोनी तुकडे जोडलेले असतात, एकेका तुकड्याला पिक्सेल म्हणतात. तुकड्याचा रंग पाहून कॉम्प्युटर ठरवतो, की हे घर, हे पाणी, हे पीक, ही मोकळी जमीन. कॉम्प्युटर हुशार असतो, पण सांगकाम्या असतो. ज्या उन्हाळ्यात सगळं शहर घागरी घेऊन टँकरमागं पळत होतं, त्याच उन्हाळ्याच्या नकाशात त्यानं भर बाजारात तळीच तळी दाखवली होती. ती सगळी दुकानांवरची निळी ताडपत्री निघाली. म्हणून नकाशाची प्रत हातात घेऊन उन्हातान्हात फिरावं लागतं, आणि कॉम्प्युटर म्हणतो ते खरं का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. त्याला आम्ही पाहणी म्हणतो. घरचे उंडारणं म्हणायचे.

दुसरं काम बदलाच्या नकाशाचं. दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकावर एक ठेवायची. जुन्यात नाही आणि नव्यात आहे, त्याला पिवळा रंग द्यायचा. पिवळं म्हणजे नवीन बांधकाम. या पिवळ्या रंगानं भल्याभल्यांची झोप उडवली आहे.

आमचे भाऊसाहेबच घ्या. कोचिंगच्या पोरांसाठी त्यांचं वसतिगृह, आणि वसतिगृहावर परवानगी नसलेला एक जादा मजला. एके दिवशी पेढे घेऊन ऑफिसात आले.

"मॅडम, तुमचं ते विमान..."

"उपग्रह."

"तेच ते. आपल्या डोक्यावरून कवा जातं? फक्त टायम सांगा. बाकी आमी बघून घेतो."

मी टायम सांगितला नाही, पेढे मात्र ऑफिसनं खाल्ले. भाऊसाहेबांनी काय करावं? अख्ख्या मजल्यावर रोपवाटिकेतली हिरवी जाळी टाकली. वरून बघणाऱ्याला वाटावं, बाग आहे. आता गंमत अशी, की जिवंत पानातून एक उजेड परत फिरतो, तो आपल्या डोळ्याला दिसत नाही, उपग्रहाला दिसतो. आमच्या चित्रात खरी झाडं त्यामुळं भडक लाल दाखवता येतात. प्लास्टिकला तो उजेड कुठून असणार? आजूबाजूच्या लिंबांच्या लाल ठिपक्यांत भाऊसाहेबांची बाग मढ्यासारखी काळपट पडली होती. मी हे त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, "खऱ्या वेली चढवल्या तर जमंल का?" शेवटी दंड भरून तो मजला रीतसर झाला. त्याचं मला काही वाटलं नाही. भाऊसाहेबांना लपायचं होतं आणि ते दिसले, हिशेब मिटला. माझा जीव खाल्ला तो ज्यांना दिसायचं होतं त्यांनी.

त्या वर्षी शहराचा नवा आराखडा व्हायचा होता. आराखड्याआधी 'आज जमिनीवर काय आहे' याचा नकाशा लागतो, तो आमच्या कंपनीकडं आला. या नकाशात जे घर म्हणून दिसतं ते सहसा वाचतं. जे मोकळी जमीन म्हणून दिसतं, त्याच्यावर बगीचा, पार्किंग, व्यापारी संकुल अशी आरक्षणं पडतात. मोकळी जमीन दिसली की सरकारी माणसाला लग्नाळू मुलगी दिसल्यासारखं होतं, कुठंतरी देऊन टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

शहराच्या कडेला नाल्याशेजारी एक माळ होता. चित्रात मोकळा, कॉम्प्युटरच्या मते मोकळा. पोळा होऊन गेला होता, चिखलातून चपला हातात घेऊन मी तिथं पोचले, तर मोकळ्या जमिनीवर चुली पेटलेल्या, कोंबड्या फिरतायत, लेकरं टायर पळवतायत. पत्र्याची नि ताडपत्रीची घरं एकमेकांना चिकटून उभी. एक पन्नाशीची बाई दारात तांदूळ निवडत होती. हीच गयाबाई.

"कुणाचं घर हुडकून राहिले, मॅडम?"

"घर नाही, मोकळी जागा हुडकतेय."

"घावली तर आमाला बी सांगा," असं म्हणून तिनं मला बसायला पोतं टाकलं.

मी नकाशा उलगडला, माळावर बोट ठेवलं. तिनं वाकून बघितलं.

"ह्यात आमी कुठं हाव?"

"तेच तर. कुठंच नाही."

"कवाचा फोटू हाय?"

"जानेवारीचा."

"मंग बराबर हाय की! जानेवारीत आमी नसतावच हितं." तिनं सुपातला खडा उचलून फेकला. "दसरा झाला की उसाला जाताव. ऊस सरला की वीटभट्टीला. मिरगाला परत."

"आणि घरं?"

"पत्रे अन ताडपत्री काढून संगं न्येताव. फडावर खोपीवर टाकायला लागत्यात की. हितं ठिवले तर कोन सोडतंय?"

म्हणजे दसऱ्यानंतर इथं मातीच्या बुटक्या भिंती तेवढ्या उरणार, आणि वरून बघितलं तर मातीवर माती. आमचं चित्र नेमकं तेव्हाचं. कारण पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, आणि आमच्या ठेक्यात पहिलीच अट असते, चित्र बिनढगाचं हवं. म्हणून आम्ही सगळी शहरं हिवाळ्यातच बघतो. ढगातून आरपार बघणारे उपग्रहही आहेत, पण आम्हाला परवडणाऱ्यांना एवढी बारकी घरं ओळखू येत नाहीत. हे सगळं मी गयाबाईला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला नि खुदुखुदु हसली.

"म्हंजी आमी असताव तवा त्येला दिसत न्हाई, अन त्येला दिसतं तवा आमी नसताव. नवराबायकोचं भांडनच झालं की!"

मीही हसले. मग तिनं विचारलं, की हे कशासाठी चाललंय. मी आराखड्याचं सांगितलं, आरक्षणाचं सांगितलं, आणि तिचं हसू गेलं. मूळ गाव मुखेडकडचं, तिथं ना जमीन ना भिंत. रेशनकार्ड तेवढं त्या गावचं. इथं लाइटचं मीटर नाही, घरपट्टी नाही, कागद म्हणावा असा एक नाही. पावसाचे महिने काढायला हा माळ, आणि एवढ्यावरच तिचं सगळं.

"ही जागा ग्येली तर पावसात लेकरं घिऊन आमी कुठं जावं, मॅडम? तुमीच सांगा."

मी सांगितलं, की नकाशा दुरुस्त करून घेते. पाहणी असते कशासाठी?

आता आमचे साहेब. नगररचना खात्यातले, आमचा नकाशा पास करणारे. मी मनातल्या मनात त्यांना पिक्सेलराव म्हणायचे. माणूस लाचखाऊ नव्हता, आरडाओरडा करणारा नव्हता, चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही. पण चित्रात आहे तेवढंच जग, असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्यांचं स्वतःचं लग्न झालं की नाही, हेही ते अल्बम बघून सांगतील.

"मॅडम, तुम्ही पाहिलं ते ठीक आहे. पण रेकॉर्डवर काय आहे?"

"साहेब, मी तिथं पोत्यावर बसून चहा पिऊन आलेय."

"चहा रेकॉर्डवर येत नाही. चित्र हिवाळ्याचं, तुमची पाहणी पावसाळ्याची. दोन्ही जुळत नाहीत. असं करू, येत्या हिवाळ्यात नवीन चित्र येणारच आहे. त्यात घरं दिसली तर घेऊ. माझी काय दुश्मनी आहे?"

दसऱ्याच्या आधी मी माळावर जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. गयाबाई, तिची जाऊ, आणखी पाच-सहा बाया-माणसं जमली होती. "हिवाळ्यात घर दिसाया पायजे," एवढं गयाबाईनं एकदा स्वतःशीच म्हटलं, आणि "बरं" म्हणून ती भांडी बांधायला लागली.

संक्रांतीच्या पुढं-मागं नवीन चित्र आलं. मी माळ उघडला आणि खुर्चीतून उठलेच. पत्रे! सगळ्या माळावर पत्रे चमकत होते. घरं एकेक करून मोजता येतील इतकी लख्ख. मी शेजारच्या टेबलावरच्या पोरीला हाका मारून दाखवलं, ऑफिसला भजी मागवली. भजी गार व्हायच्या आत पिक्सेलरावांकडं पोचले.

त्यांनी चित्र बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "छान दिसतायत की," म्हणाले. मग जुनं चित्र खाली ठेवलं, नवीन वर ठेवलं, आणि माळ पिवळा झाला.

"जुन्यात नाही. नव्यात आहे. मॅडम, हे तर नवीन अतिक्रमण झालं."

"साहेब, ती माणसं कितीतरी वर्षांपासून राहतायत तिथं!"

"मग जुन्या चित्रात का नाहीत?"

"तेव्हा ऊस तोडायला गेली होती!"

"आणि आता नाही गेली?"

असा संताप झाला, की त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून त्या पिवळ्यावर आपटावा. पण माझाच रंग तो, माझीच पद्धत, मीच त्यांच्या माणसांना प्रशिक्षण दिलेलं. चहा न पिता उठले. त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर हरकती मागवल्या. माळावर लिंबाच्या झाडाला नोटीस चिकटवली, तीही ऐन हिवाळ्यात, माळावर चिटपाखरू नसताना. पलीकडच्या टपरीवाल्यानं मला सांगितलं, की ती एका शेळीनं वाचली आणि खाल्ली. मुदतीत एकही हरकत आली नाही, असा शेरा पडला. मी हरकत घेऊ शकत नव्हते, कारण कंपनीच्या नोकरानं कंपनीच्याच नकाशावर हरकत घ्यायची नसते. इमान कुणाशी राखायचं हे पगार ठरवतो.

मिरगाला वस्ती परत आली. गयाबाई वाळून अर्धी झाली होती, आणि खोकत होती.

"दिसले का पत्रे?" तिनं पहिलंच हे विचारलं.

"दिसले. पण तुम्ही तर उसाला गेला होतात ना?"

"जावं लागतंय की! मुकादमाकडून आगाव उचल घ्येतल्याली. पत्रे तेवढे हितं ठिवले. वर धोंडे ठिवले, टपरीवाल्याला म्हनलं ध्यान ठिव."

"मग तिकडं खोपीवर काय घातलंत?"

"उसाचं पाचट." तिनं खोकला आवरला. "थंडी लई व्हती अवंदा. लेकरं बैलांच्या आंगाला लावून निजवली. पर दिसलं न्हवं घर? मंग झालं तर."

नकाशात घर दिसावं म्हणून या माणसांनी डोक्यावरचं छप्पर इथं ठेवलं होतं, आणि हिवाळा उघड्यावर काढला होता. आणि त्याच छपरामुळं ती नवीन अतिक्रमण ठरली होती. मला हे तिला सांगायचं होतं. सांगितलं.

"म्हंजी न्हाई दिसलाव तर न्हाईच, अन दिसलाव तर चोर?" ती म्हणाली. "कामून असं, मॅडम?"

त्यानंतरचे आठवडे मी कंपनीचा कचरा उपसला. उपग्रहाच्या धंद्यातही कचरा असतो. ढगाळ म्हणून नापास केलेली जुनी चित्रं कुठल्यातरी कोपऱ्यात पडून असतात, पुसायचा आळस म्हणून राहतात. आमचे मॅनेजर म्हणाले, "बाई, ढगांत काय शोधता? परी?" मी म्हटलं, "हाव, परीच." शेवटी त्या जुन्या चित्राच्याही आधीच्या एका भादव्यातलं चित्र मिळालं. सगळं शहर पिंजलेल्या कापसाखाली. कुठं रस्ता नाही, नदी नाही. आणि त्या कापसात, शहराच्या कडेला, एक भोक. भोकातून नाला दिसत होता. नाल्याशेजारी घरं. पत्रे, ताडपत्र्या, मधली बोळ, सगळं साफ. मी खरोखर रडले. शेजारची पोरगी म्हणाली, "मॅडम, पुन्हा भजी मागवू का?"

अर्धी वस्ती दिसत होती. भोकाची कड माळाच्या मधूनच गेली होती. पलीकडं ढग, आणि ढगाची काळी सावली.

अर्धी दिसली म्हणजे उरलेली आहेच, हे शेंबडं पोर सांगेल. पिक्सेलरावांना मात्र ते चित्रात दिसावं लागतं.

"चित्र आहे, जुनं आहे, तारीख आहे," ते म्हणाले, आणि खरंच खूश झाले. "हरकतीची मुदत गेली, पण तांत्रिक दुरुस्ती म्हणून घेता येईल. जेवढं दिसतंय तेवढं मान्य."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं कुठं दिसतंय?"

"त्याच्यावर ढग आहे, साहेब."

"तेच तर म्हणतोय मी."

मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले, त्यांच्या वरच्या साहेबांपर्यंत गेले, तिथंही चहा मिळाला. दुरुस्ती झाली ती तेवढीच. आराखडा मंजूर होऊन आला, तेव्हा त्यात सगळ्या हद्दी पट्टीनं मारलेल्या सरळ होत्या आणि त्या माळावर एकच रेघ वाकडीतिकडी, फुगीर, लाटा घेत गेलेली. अलीकडं 'निवासी', पलीकडं 'बगीचा'. सरकारी कागदावर ढगाची कड उमटलेली मी एकदाच पाहिली. त्या बगीच्याच्या रोपवाटिकेला पुढं एका दानशूर माणसानं हिरवी जाळी भेट दिली. पाटीवर नाव भाऊसाहेबांचं आहे.

दसरा तोंडावर आला होता. मी नकाशा घेऊन माळावर गेले. गयाबाईच्या जावेचं घर रेघेच्या अलीकडं आलं होतं, गयाबाईचं पलीकडं. दोघींच्या घरांची मधली भिंत एकच.

तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "ही अशी कशी वो रेघ? नाल्याची हाय का?"

"ढगाची आहे."

मी तिला ते जुनं चित्र दाखवलं, वर्ष सांगितलं, भादवा सांगितला. तिनं ते पांढरं डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"त्या साली पावसानं लई दडी मारली व्हती," ती म्हणाली. "पोळ्यापस्तोर थेंब न्हाई. आमी बायांनी धोंडी काढली, दारोदार फिरलाव, पानी मागितलं. मंग आला बगा ढग. म्याच हात जोडले व्हते त्येला."

तिनं नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली, पदर खोचला, आणि घराच्या भिंतीवर पाय देऊन वर चढली. छपरावरचे धोंडे एकेक करून खाली टाकायला लागली.

"आता पत्रे न्येते बरूबर," ती वरून म्हणाली. "आता कुनाला दावायचं हाय?"